आवळली, बघितली

“ह्यांनी ‘आवळली’ अशी हाक दिली ना, की उठून जात जा. बसल्या जागेवरून ‘बघितली’ म्हणू नकोस.”

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, हे मला तीन वेळा म्हणाल्या. तिसऱ्यांदा म्हणाल्या तेव्हा त्यांना उशीला टेकवून बसवावं लागत होतं आणि एका वाक्यात दोनदा दम लागत होता. मी त्यांच्या पायावरचं पांघरूण सारखं करत होते. “हो आई, जाईन,” म्हटलं आणि मनातल्या मनात हसले. मला वाटलं, चव्वेचाळीस वर्षांच्या संसारातला हा एक लाडाचा खेळ, जाता जाता माझ्यावर सोपवताहेत.

बाबांचं दुकान घराच्याच पुढच्या खोलीत आहे. बंदरावरची घड्याळं त्यांच्याकडे येतात, खलाशांची, पाणबुड्यांची, जहाज धक्क्याला आणून लावणाऱ्यांची. पाण्यात चालणाऱ्या घड्याळाची बाजूची चावी नुसती दाबून बसत नाही. झाकणासारखी फिरवून आवळावी लागते. ती एक राहिली, तर बाकी घड्याळ कितीही भारी असो, पाणी तेवढ्याशा जागेतून आत शिरतं. म्हणून बाबांच्या दुकानात एक रीत होती, त्यांच्या उस्तादाकडून आलेली. काम झालं, चावी फिरवली, की मोठ्यांदा म्हणायचं, “आवळली!” मग दुसऱ्या माणसानं यायचं, स्वतःच्या बोटांनी चावी चाचपायची आणि म्हणायचं, “बघितली.” तेव्हाच घड्याळ पाकिटात जायचं.

दुसरं माणूस म्हणजे आई. दुकान आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या भिंतीत बाबांनी त्यांच्यासाठी एक गोल खिडकी बसवली होती, मोडीत निघालेल्या जहाजावरची. जाड काच, भोवती पितळेची कडी, कडीला आठ स्क्रू, एका अंगाला बिजागरी, दुसऱ्या अंगाला आवळायचा खटका. आई फोडणी परतता परतता त्यातून दुकानात बघायच्या आणि हाक आली की पदराला हात पुसत जायच्या.

त्या गेल्यावर महिन्याभरात मी त्या खिडकीसमोर मुंगीच्या खाऊचे डबे रचले. मुंगी म्हणजे माझी मुलगी, दीड वर्षाची. हाताशी तेवढं एकच फळकूट होतं.

आणि मी कोण, तर गॅसचं बटण तीनदा बघणारी. खिडकीची कडी लावून झोपले तरी पुन्हा उठून हात लावून येणारी. मुंगी झोपली की तिच्या नाकाशी बोट धरून श्वास लागतोय ना ते बघणारी. बाबा मला मास्तरीण म्हणतात, कारण मी घरी बसून शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासते. दुसऱ्यांच्या चुका शोधायचे मला पैसे मिळतात.

*

ताई घड्याळ घेऊन आली त्या संध्याकाळी बाबा कधी नव्हे ते दाराशी उभे होते.

ताई माझी नणंद, नवऱ्याहून मोठी. बाबा तिला अजून ठमी म्हणतात. घड्याळांच्या एका मोठ्या कंपनीत ती घड्याळं आखते. तीन वर्षं एकाच घड्याळावर होती, आणि दुसऱ्याच दिवशी ते साठ विक्रेत्यांसमोर ठेवायचं होतं. पूर्ण झालेला नग एकच होता. तो कंपनीबाहेर न्यायला परवानगी नव्हती. तिनं तो पर्समध्ये, हातरुमालात गुंडाळून आणला होता.

“हात नाही लावायचा आधी,” ती म्हणाली. “नुसतं बघा.”

“नुसतं बघायला मी काय प्रदर्शनाला आलोय?”

“बाबा.”

“बरं बाई. हे बघ, हात मागे.”

तिनं रुमाल उलगडला. मी दारात मुंगीला कडेवर घेऊन उभी होते. घड्याळांतलं मला फारसं कळत नाही. मी मोबाइलमध्ये वेळ बघणारी. पण ते बघताना मी मुंगीच्या हातातली वाटी काढून घ्यायला विसरले आणि तिनं ती माझ्या खांद्यावर उपडी केली.

आठ कोनांची कडी, प्रत्येक कोनात एक स्क्रू. स्क्रूच्या खाचा वर्तुळाभोवती एकामागून एक धावत असल्यासारख्या वळलेल्या. सगळं पोलाद एकाच बाजूनं बारीक घासून मंद केलेलं, फक्त कडांना केसभर चकाकी ठेवलेली. मनगट हललं की ती चकाकी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पळायची. तबकडीवर उभ्या रेघा, जहाजाच्या डेकवरच्या फळ्यांसारख्या. रंग निळा म्हणावा तर काळा. पट्टा वेगळा जोडलेला नव्हता, तो घड्याळातूनच निघाला होता आणि एकेक कडी लहान होत हाताखाली वाकत गेला होता.

बाबांनी डोळ्याला भिंग लावलं. “स्क्रू खरे आहेत, का नटवायला?”

“खरे. काढून बघायचे नाहीत.”

“नांगर कुठाय? समुद्राचं घड्याळ म्हणतेस, आणि कुठं नांगर नाही, सुकाणू नाही.”

“साहेबांना हवा होता नांगर. मी म्हटलं, नांगर चहाच्या कपावरही शोभतो. तो काढला की समुद्र संपला.”

बाबा खूश झाले. खूश झाले की ते खालचा ओठ दाताखाली धरतात. “आणि हे घालून पाण्यात कोण उतरणार?”

“कोणी नाही. थंड खोल्यांत बसून घालतील.”

“मग तीनशे मीटर पाणी अडवायचा हा खटाटोप कुणासाठी?”

ताई म्हणाली, “बाबा, त्यांना पाण्यात जायचंच नसतं. पाणी आत येणार नाही, एवढं कुणीतरी मनगटाशी बसून सांगत राहायला हवं असतं. हात फिरवून बघा कडेवरून. कसं वाटतं?”

बाबांनी कडेवरून अंगठा फिरवला. एकदा. दुसऱ्यांदा. मग त्यांनी मान वर करून भिंतीकडे बघितलं, आईंच्या खिडकीकडे. पलीकडून मुंगीच्या खाऊचे डबे काचेला टेकले होते.

“ही तर आपली खिडकी आहे, ठमे.”

“हो,” ताई म्हणाली. “मी स्टुलावर चढून त्यातून तुम्हाला बघायचे. आई मागून माझी कंबर धरून उभी असायची. तेव्हा मोजले होते स्क्रू.”

तेवढं बोलून ती एकदम फोन आल्यासारखी बाहेर अंगणात गेली. फोन आला नव्हता. मला दिसत होतं.

बाबांनी मागून हाक मारली, “झाकण उघडत नाही! नुसती चावी देऊन बघतो, दात कसे बसलेत ते!”

“चावीच फक्त!” ती बाहेरून म्हणाली.

मी मुंगीला न्हाऊ घालायला आत आले. स्वयंपाकघरातच टबात घालते तिला, पाणी तिथं गरम असतं म्हणून. ती टबात उभी राहून साबणाचा फेस खात होती आणि मी एका हातानं तिचा दंड धरला होता. तेवढ्यात भिंतीपलीकडून हाक आली, “आवळली!”

पाण्यात मूल सोडून कुणी जाईल का? मी स्वतःला हा प्रश्न त्यानंतर इतक्यांदा विचारलाय की तो आता गुळगुळीत झालाय. नाही जाणार. पण “बाबा, थांबा, येते” म्हणता आलं असतं. दोनच शब्द जास्त. मुंगीला टॉवेलात गुंडाळून गेले असते तर दीड मिनिट लागलं असतं.

मी डब्यांच्या आडून ओरडले, “बघितली!”

आठ महिने मी तसंच ओरडत होते. कधी कणीक मळताना, कधी मुद्रितावर पेन्सिल धरून.

*

रविवारी दुपारी सगळे दुकानात जमलो. दुकान बंद होतं आणि बसायला टेबल तिथंच होतं. बाबा आतल्या खोलीत मुंगीला झोपवत होते. थोरले दीर, दादा, फाइल घेऊन आले होते. ते विम्याचे सर्व्हेअर. जहाजावरून माल भिजून आला, पेट्या फुटल्या, की नुकसान कुणाच्या माथी मारायचं ते ठरवणारे. माझा नवरा हॉस्पिटलात एक्स-रे काढतो; बाबा त्याला हाडांचा फोटोग्राफर म्हणतात. तो भिंतीला टेकून उभा होता. घरात काही वाकडं झालं की तो बसत नाही.

ताईनं घड्याळ टेबलावर ठेवलं. काचेच्या आतून थेंब धरले होते. डेकच्या फळ्यांवर तपकिरी ओघळ उतरला होता आणि अंधारात चमकणारा एक ठिपका सुटून सहाच्या आकड्यापाशी पडला होता.

“पुन्हा एकदा सांग,” दादा म्हणाले. “क्रमानं.”

“काचेच्या बरणीत पाणी भरलं होतं,” ताई म्हणाली. “मंचावर. ती कल्पना माझीच. साठ माणसं. मी स्वतःच्या हातानं सोडलं ते बरणीत आणि बोलायला लागले. पाणी बाहेर कसं राहतं, त्यावर. नऊ मिनिटं झाली असतील. पुढच्या ओळीतला एक म्हातारा विक्रेता उठला, बरणीशी आला, वाकला. आणि मला हळूच म्हणाला, पोरी, बाहेर काढ त्याला.”

ती हसली. मग हसू तसंच राहिलं आणि डोळे बदलले.

ह्या प्रसंगाबद्दल ती पुढे एकदा माझ्याशी जास्त बोलली. म्हणाली, सगळे ओरडले असते तर चाललं असतं. त्या म्हाताऱ्यानं ‘बाहेर काढ त्याला’ म्हटलं, जसं काही आत कुणी गुदमरतंय. बरणीत हात घालताना तिला आईची आठवण झाली. आईचा दम, उशीशी.

“उद्या लेखी द्यायचंय,” दादा म्हणाले. “मी मसुदा केलाय. घड्याळ घरी नेलं, ही चूक कबूल. घरी वडिलांनी हाताळलं. वडिलांना विस्मरणाचा आजार आहे, सोबत डॉक्टरांचं पत्र. तुझ्या आखणीला धक्का नाही, नोकरीला फार तर समज मिळेल.”

“कुठला आजार?” माझा नवरा म्हणाला. “कुठल्या डॉक्टरचं पत्र?”

“तू हॉस्पिटलात आहेस. एक पत्र मिळत नाही तुला?”

“खोटं?”

“खोटं?” दादांनी फाइल मिटली. “तुम्ही दोघं त्यांच्याबरोबर राहता. मी महिन्यातून एकदा येतो. मागच्या वेळी त्यांनी मला दोनदा विचारलं, आई बाजारातून आली का म्हणून. मी म्हटलं, येईल. काय म्हणणार? तुम्हाला नाही विचारत?”

नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. मी फाइलीकडे. विचारत होते. मला विचारायचे आणि मी म्हणायचे, “बाबा, चहा टाकू?” मी त्याला दुःख म्हणत होते. दुःखाला कुठे तपासणी लागते?

“ते पत्र लावलं की बैठक गेली त्यांची,” नवरा शेवटी म्हणाला. “बंदरावर चार दिवसांत पसरेल. कोण देईल मग घड्याळ त्यांच्या हातात?”

“नाही देऊ दे! बहात्तर वर्षांचा माणूस. माझ्याकडे येऊन राहू दे. गच्ची आहे, ऊन आहे.”

“गच्चीवर काय करतील, दादा? ऊन दुरुस्त करतील?”

“तू नेहमी असाच. बोलायचं तेव्हा भिंतीला टेकायचं आणि मग टोमणे.”

ताई अजून घड्याळाकडेच बघत होती. “बाबांचं नाव नाही घालायचं,” ती म्हणाली. “मी लिहीन, आखणीत दोष होता.”

“वेडी आहेस? तीन वर्षं!”

“असेल दोष. बाबांच्या हातून चावी राहील? दादा, तू ह्या खोलीत वाढलास. कधी राहिलीय?”

मला तेव्हा दादांची दया आली, हे मी इथं लिहून ठेवते, कारण पुढे आमच्यात बरंच कडू झालं. ह्या माणसाचा धंदाच असा की तो नेहमी नुकसान झाल्यावर पोचतो. आई गेल्या तेव्हाही तो दोन तास उशिरा पोचला होता. आज त्याला एकदा तरी आधी पोचायचं होतं.

“मास्तरीण, तू तरी सांग,” ते माझ्याकडे वळले. “दिवसभर घरात तू असतेस. पोरगी त्यांच्यापाशी सोडतेस. तुझा भरवसा आहे त्यांच्यावर?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. हो म्हटलं तर माझी मुलगी त्या ‘हो’वर झोपली होती. नाही म्हटलं तर बाबांची खुर्ची गेली. आणि दोन्हींच्या खाली माझं ते ‘बघितली’ बसलं होतं, आणि ते अजून कुणाला दिसलं नव्हतं.

“मी चहा ठेवते,” मी म्हणाले.

*

चहा ठेवायला मी आत गेले तेव्हा बाबा खोलीतून बाहेर आले. “झोपली मुंगी,” ते कुजबुजले. “सगळे जमलेत. कुणाचं काय बिनसलंय?” आणि माझ्या उत्तराची वाट न बघता दुकानात गेले. मी मधल्या दारातच उभी राहिले. घड्याळ त्यांना टेबलाच्या ह्या टोकावरूनच दिसलं.

“अरे अरे,” ते म्हणाले. “बुडालं की हे.”

घरात लहान मूल पडल्यावर म्हणतात तसंच म्हणाले. खुर्चीत बसले, दिवा ओढला, भिंग लावलं. कुणी त्यांना अडवलं नाही. एवढं कसलेलं काम चाललं असताना त्यांना अडवायचं कसं, हे आमच्या कुणाच्याच हाताला ठाऊक नव्हतं. त्यांनी मागचं झाकण उघडलं, चिमट्यानं रबराची कडी उचलली, बोटांवर दाबून बघितली, उजेडात धरली.

“रबर शाबूत. काच बसलेली आहे तशीच. स्क्रूंच्या बाजूनं थेंब नाही.” मग चावीपाशी आले. तिथं बराच वेळ थांबले. “ठमे, तुझ्या आखणीत काही खोट नाही. गंज बघ, इथूनच सुरू झालाय. चावी दोन वळसे मोकळी होती. बाहेरून बसल्यासारखीच दिसणार. हाताला कळलं असतं.”

“बाबा,” दादा अगदी हळू म्हणाले, “शेवटची चावी कुणी दिली?”

“मी दिली. शुक्रवारी.” त्यांना लख्ख आठवत होतं. “दिली, आवळली, हाक दिली. आणि हिनं बघितली ना.”

“हिनं?”

“तुझ्या आईनं.” त्यांनी खिडकीकडे हनुवटीनं खूण केली. “आतून म्हणाली की, बघितली.”

माझ्या पाठीमागे चहाचं पाणी उकळल्याचा आवाज येत होता. ताईनं तोंडावर हात ठेवला. माझा नवरा, जो कधी बसत नाही, तो तिथल्या स्टुलावर बसला.

मी मागे वळून गॅस बंद केला. आयुष्यात पहिल्यांदा एकदाच बंद केला, पुन्हा बघितला नाही, आणि दुकानात गेले.

“बाबा, ते मी म्हटलं होतं.”

“काय?”

“बघितली. मी म्हणाले आतून. मुंगी टबात होती. मी आले नव्हते. मी बघितली नव्हती.” आणि मग एकदा तोंड उघडलंच होतं म्हणून, “मी एकदाही आले नाही, बाबा. आई गेल्यापासून एकदाही नाही. आईंनी मला सांगितलं होतं, उठून जात जा म्हणून.”

ताई उठली. ती मला मारेल असं मला क्षणभर वाटलं, आणि मारलं असतं तर बरं वाटलं असतं. “पोरीच्या नाकाशी बोट धरून बसतेस रात्रभर,” ती म्हणाली, “आणि एवढं नाही झालं तुझ्यानं?”

“ताई, तिला काही बोलू नकोस,” नवरा म्हणाला. “मी तर घरातच नसतो, म्हणजे माझं काहीच नाही का?”

“आईनं तुला सांगितलं होतं?” हे दादा. त्यांचा आवाज बदलला होता, फाइलीतला राहिला नव्हता. “कधी? काय शब्दांत?”

मी सांगितले. शब्दाला शब्द.

दादांनी फाइल टेबलावर ठेवली. “म्हणजे तिला माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी मी तिला म्हटलं होतं, आता कशाला धावतेस हाकेसरशी, गुडघे दुखतात ना. तर म्हणाली, मी नाही गेले तर त्यांचं काम कच्चं राहतं. मला वाटलं, गमतीनं म्हणते.”

बाबांनी भिंग काढलं. त्यांच्या भुवईखाली त्याचा गोल वळ उठला होता. ते आमच्याकडे बघतच नव्हते, काहीतरी जुळवत होते, एखाद्या घड्याळाचे सुटे भाग कागदावर मांडून बघावेत तसं.

“हाकेसरशी येताना ती चहा आणायची,” ते म्हणाले. “मला म्हणायची, तुम्ही चहा घ्या, मी हे पाकिटात घालते. मी पाठ करून चहा प्यायचो.” थोडं थांबून, “मला वाटायचं, रीत म्हणून चाचपते. किती वेळा सापडली असेल तिला मोकळी?”

हे त्यांनी दादांना विचारलं, मग ताईला, मग मला. खरंच विचारत होते. त्यांना आकडा हवा होता. आमच्यापैकी कुणापाशी नव्हता. ज्या एका बाईपाशी होता तिनं तो कुणाला दिला नाही.

“आणि ती गेली,” ते म्हणाले. ते विचारणं नव्हतं. पण आठ महिन्यांत ते हे वाक्य माझ्यासमोर प्रथमच म्हणाले.

“हो बाबा,” ताई म्हणाली. तिनं खाली बसून त्यांच्या गुडघ्यावर कपाळ टेकलं.

त्यांनी तिच्या केसांवर हात ठेवला, आणि दुसऱ्या हातानं दादांचा मसुदा पुढे ओढला. वाचला. “आजार-बिजार खोडून टाक,” ते दादांना म्हणाले. “लिही, चावी आवळायची राहिली. करणाऱ्याचं नाव घाल, माझं. आखणी निर्दोष, हे आधी लिही, वरच्या ओळीत.”

“बाबा, अशानं तुमचं नाव—”

“माझं काम मला कळतं. ते राहिलं असेल तर तेही मलाच कळायला हवं.” मग भिंग ताईच्या हातात ठेवून त्यांनी तिची बोटं वरून मिटली. “आणि ठमे, पुढचा नग करशील तेव्हा इथं, चावीच्या दांड्यावर, एक लाल रेघ दे. आवळली की झाकली जाईल, मोकळी राहिली की दिसेल. म्हणजे कुणाला उठून यायला नको.”

*

ताईला त्या घड्याळावरून काढलं. नोकरी राहिली, ती आता भिंतीवरची घड्याळं आखते. तिचं घड्याळ मात्र बाजारात आलं, जसंच्या तसं. मोठ्या रस्त्यावरच्या दुकानात काचेआड ठेवलंय. मी मुंगीला बाबागाडीत घेऊन त्याच्यासमोर उभी राहते. थंड खोल्यांत बसणारे लोक येतात, मनगटाला लावतात, आणि सगळे, न चुकता सगळे, एकदा कडेवरून अंगठा फिरवतात. त्यांना माहीत नाही की ते एका स्वयंपाकघराच्या खिडकीवरून हात फिरवताहेत. चावीच्या दांड्यावर लाल रेघ आहे. विक्रेता ती आवर्जून दाखवतो.

बाबांना अशी रेघ असती तर मला बसल्या जागेवरून दिसली असती.

डॉक्टरांना दाखवलं, पत्र मिळालं, खरं मिळालं. दादा वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत, मग मुंगीच्या शाळेच्या पहिल्या दिवशी आले. वेळेच्या अर्धा तास आधी. दुकान बंद आहे पण बैठक हलवली नाही. बाबा तिथं बसतात, गजराची जुनी घड्याळं खोलतात, लावतात. खिडकीसमोरचे डबे मी काढले. फोडणी परतता परतता मला त्यांची पाठ दिसते. त्यांची हाक आली की मी गॅस बारीक करते आणि जाते. कधी त्यांच्या हातात घड्याळ असतं, कधी नुसता चिमटा असतो. मी बोटांनी चाचपते आणि मगच म्हणते. कधी ते माझ्याकडे बघून म्हणतात, “मास्तरीण, तू? ती कुठं गेली?” मग मी सांगते. दर वेळी सांगते, आणि खाली बसते थोडा वेळ.

तुमच्या घरातही आतल्या खोलीतून कुणीतरी काहीतरी ओरडून सांगत असेल. गोळ्या घेतल्या म्हणून, दार लावलं म्हणून, जेवले म्हणून. तुमचे हात कामात असतील, मूल टबात असेल. त्याला टॉवेलात गुंडाळा, कडेवर घ्या. पण उठा, आणि एकदा जाऊन बघून या.